गुरगुरीतला माणूस

मिरजेच्या ‘निवांत’ केंद्रात दुपारची जेवणं झाल्यावर पाऊल टाकलं, की पुष्कळशी मांजरं एकदम खूश झाल्यासारखा आवाज येई. मांजर मात्र तिथं एकही नव्हतं. लांबलचक खोलीत ओळीनं गाद्या, प्रत्येक गादीवर एक मूल आणि मुलाच्या अंगावर एक जाडसर दुलई. आवाज होता तो त्या दुलयांचा. कागदोपत्री त्यांचं नाव ‘स्पंदन-दुलई’ असं भारदस्त होतं, पण सरकारनं ठेवलेल्या नावानं आजवर कुणी कुणाला प्रेमानं हाक मारलेली नाही. पोरं दुलईला गुरगुरी म्हणत. हळूहळू डॉक्टरही गुरगुरीच म्हणू लागल्या.

इथं येणारी मुलं घरातल्याच माणसाचा मार खाल्लेली असत, नाहीतर घरातल्या माणसाला मार खाताना पाहिलेली. पण दुपारी ती अशी काही पसरून झोपत की बघणाऱ्याला ते सांगूनही खरं वाटू नये. खिडकीजवळच्या गादीवरची सात वर्षांची द्वारका तर एक पाय शेजारच्या पोराच्या पोटावर टाकून घोरत होती. द्वारका हे नाव ऐकून कुणी चपापू नये. त्या काळात पणज्यांची नावं पुन्हा चलनात आली होती. पाळणाघरात डोकावलं, तर आतून सरस्वती, भागीरथी आणि विठाबाई धावत बाहेर येत.

द्वारकाची आई स्वरांगी व्हरांड्यातल्या बाकावरून जाळीतून लेकीकडे बघत होती. ती तंबोऱ्यांच्या कारखान्यात भोपळ्यांना पॉलिश करण्याचं काम करी. जेवणाच्या सुट्टीत रोज इथं येई आणि डबा उघडायचं विसरून जाई. लेक घोरते आहे, हे बघण्याचं सुख काय असतं ते तिलाच ठाऊक.

कारण सहा महिन्यांपूर्वी हीच द्वारका भिंतीला पाठ लावल्याशिवाय बसत नसे. बोलायची ती कुजबुजून. भाकरीचा तुकडा उशीच्या अभ्र्यात लपवून ठेवायची. खाली रस्त्यावर कुणाची मोटारसायकल थांबली की ती जिथं असेल तिथं थिजायची, आणि पायऱ्यांवर पावलं वाजत नाहीत याची खात्री होईतो श्वास घ्यायची नाही. तिचा बाप पृथ्वीराज मोटारसायकलवरून यायचा. कधी हसत यायचा, कधी तसाच. तसाच आला की स्वरांगीची पाठ सडकून निघायची. एकदा द्वारका मध्ये पडली, तेव्हा तिच्या खांद्याचं हाड मोडलं. त्या हाडामुळेच प्रकरण कोर्टात गेलं आणि पृथ्वीराज तुरुंगात. हाड महिन्याभरात जुळलं. बाकीचं मात्र जुळेना.

‘निवांत’च्या प्रमुख डॉ. फरहाना मुजावर यांनी पहिल्याच दिवशी स्वरांगीला समोर बसवून सगळं समजावलं होतं. बाई मोठ्या बोलक्या. हातातला चहा गार होईतो बोलत आणि मग गार चहाचं खापर केंद्रातल्या गंगव्वा मावशींवर फोडत.

“बाबा तुरुंगात आहेत, आता येणार नाहीत, हे द्वारकाला कळतं,” त्या म्हणाल्या. “म्हणजे तिच्या डोक्याला कळतं. पण छातीला कोण सांगणार?”

“छातीला?” स्वरांगीला काही उमगेना.

“मनगटावर बोटं ठेवा. आता लांब श्वास घ्या. आत घेताना ठोके जरा घाई करतात. सोडताना रेंगाळतात. कळतंय?”

स्वरांगीला कळत होतं. एवढी वर्षं हे आपल्याच मनगटात चाललंय, याचं तिला नवल वाटलं.

“ही घाई आणि हे रेंगाळणं प्रत्येकाचं निराळं. चालण्याची ढब असते ना, तशी. आम्ही त्याला ठेका म्हणतो. नुकत्या जन्मलेल्या बाळाला स्वतःचा ठेका नसतो. ते ज्याच्या छातीवर झोपतं त्याचा उचलतं. थोरलं शरीर शांत असेल तर बाळाचं शरीर शांत होणं शिकतं. पुढं मार, आरडाओरडा सुरू झाला की शिकलेलं विसरतं. मग त्याला कितीही गोष्टी सांगा, बाहुल्या द्या, समजूत काढा, ते वरवर हसतं आणि आत पहारा देत राहतं. म्हणून आम्ही समजूत काढतच नाही. आम्ही त्याला परत एका शांत छातीशेजारी झोपवतो.”

याचं शास्त्रीय नाव सहस्पंदन. एका शरीराचा ठेका दुसऱ्या शरीरानं आपोआप उचलायचा. तो कुणीकडून कुणीकडे जाईल याचाही नियम होता. जे शरीर ठाम असेल त्याच्याकडून जे डळमळीत असेल त्याच्याकडे. स्वरांगीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “आमच्यात सतारीला तरफा असत्यात, तसं. वरची तार छेडली की खालच्या न छेडता वाजत्यात.”

“तेच!” डॉक्टर खूश झाल्या. “फक्त लावलेल्या असल्या पाहिजेत. तुमच्या पोरीच्या तरफा उतरल्यात. त्या चढवायच्या.”

गुरगुरीत हेच होतं. दुलईच्या आत माणसाच्या छातीसारखी वर येणारी, खाली जाणारी आणि ठोके देणारी मऊ पोकळी असे, आणि तिच्यात एखाद्या खऱ्याखुऱ्या माणसाचा झोपेतला ठेका भरलेला असे. असे ठेके जमवण्यासाठी रक्तदानासारखी शिबिरं भरत. माणसं येऊन तासभर झोपत आणि चहा-बिस्किटं खाऊन घरी जात. काही ठेके प्रसूतिगृहांतून आलेले होते. देणाऱ्याला स्पंदनदाता म्हणावं असं फर्मान होतं, पण केंद्रातले टवाळ लोक त्यांना ठेकेदारच म्हणायचे. ठेकेदाराचं नाव कुणालाच कळत नसे. हजारो ठेक्यांतून मुलाचा ठेका यंत्र निवडी, तोही सोप्या रीतीनं. मुलाला आठवडाभर निरनिराळे ठेके द्यायचे आणि कोणत्या ठेक्यावर त्याच्या मुठी आपोआप उघडतात ते बघायचं.

नियम एकच कडक होता. कुणावर हात उचलल्याबद्दल ज्याला शिक्षा झाली, त्याचा ठेका संग्रहातून काढून टाकायचा. हे कुणाला पटवून द्यावं लागलं नव्हतं.

द्वारकाच्या मुठी तिसऱ्या दिवशी एका ठेक्यावर उघडल्या, त्या उघडल्याच. असा झटपट गुण आलेला डॉक्टरांनीही पूर्वी पाहिला नव्हता. महिन्याभरात ती मोठ्यानं बोलू लागली. दुसऱ्या महिन्यात डोशावरून भांडली. चौथ्या महिन्यात तिनं गंगव्वाचा चष्मा लपवला आणि गंगव्वा आनंदानं सगळ्यांना सांगत सुटल्या, “बघा की ओ, चोरी कराय लागली पोरगी! बरी झाली!”

त्या दिवशी, म्हणजे जिथून आपण सुरुवात केली त्या दुपारी, द्वारका अर्धवट जागी झाली आणि जाळीकडे बघून म्हणाली, “आई, हितं ये की. माझ्याजवळ झोप.”

पालकांनी मुलांच्या गुरगुरीत शिरायचं नाही, असा दंडक होता. पण गंगव्वांना दंडकांचं फारसं वेड नव्हतं. “जा गं, पोर बोलवतंय,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर हातकणंगल्याला गेल्यात.”

स्वरांगी आत गेली. लेकीच्या शेजारी आडवी झाली. द्वारकानं दुलईचा पदर तिच्यावर ओढला आणि पुन्हा घोरू लागली. दुलई ऊबदार होती. तिची छाती वर आली, खाली गेली. स्वरांगीला बरं वाटलं. पाठीतला ताण सैल झाला, डोळे मिटू लागले. श्वास वर, श्वास खाली. मग खाली गेलेला श्वास थबकला. विसरल्यासारखा थांबून राहिला. आणि मग दोन आखूड श्वास लागोपाठ आत आले, पहिला अर्धा आणि दुसरा पुरा.

स्वरांगीचे डोळे उघडले.

हा श्वास तिला ठाऊक होता. सहा वर्षं तिनं पलंगाच्या कडेला पडून या श्वासाची वाट बघितली होती. पृथ्वीराज मारून झालं की गाढ झोपायचा. झोपला की असा थबकायचा आणि असे दोन श्वास घ्यायचा. ते ऐकू आले की घरात सुटका व्हायची. मग उठता यायचं, तोंड धुता यायचं, कोपऱ्यातून द्वारकाला उचलून घेता यायचं. असे दोन श्वास घेणारी माणसं जगात आणखीही असतील, असं तिनं स्वतःला दोनदा सांगितलं. तिच्या अंगाला ते पटलं नाही.

ती दुलईतून बाहेर आली आणि थेट न्हाणीघरात जाऊन तोंड धूत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर न जाता डॉक्टरांसमोर येऊन उभी राहिली. “गुरगुरीत कोण हाय ते बघा,” ती म्हणाली.

“ताई, नाव सांगता येत नाही. नियम—”

“नाव मी सांगते. तुम्ही नुसतं हो का न्हाई ते सांगा. पृथ्वीराज पाटोळे.”

डॉक्टरांनी हातातला कप खाली ठेवला. असं होणं शक्य नाही, शिक्षा झालेल्यांची नावं यंत्र स्वतःच गाळतं, हे त्या सांगत होत्या. सांगता सांगता त्यांनी पडदा उघडला. बोटं फिरवली. मग त्यांचा चेहरा खुलला. “बघा, उगाच घाबरलात. हा ठेका इथल्याच प्रसूतिगृहातला आहे. द्वारकाच्याच जन्माच्या वेळचा. एवढा झटपट गुण का आला ते आता कळलं! आडनाव कुंभोजकर. तुमचं माहेरचं आडनाव ना? नातं लिहिलंय मामा. तुमच्या भावाचा ठेका आहे ताई.”

“मला भाऊ न्हाई,” स्वरांगी म्हणाली.

डॉक्टरांनी पडद्याकडे पुन्हा एकदा बघितलं. मग स्वरांगीनंच सांगितलं. द्वारका आठव्या महिन्यात झाली. पहिलं बाळंतपण म्हणून स्वरांगी माहेरी मिरजेला आलेली. बाळ मूठभर, आणि ती स्वतः तापानं फणफणलेली. बाळाला कुणाच्या तरी उघड्या छातीशी धरून ठेवायचं होतं, दिवसदिवस. पृथ्वीराज सांगलीहून आला आणि बसला. तीन आठवडे बसला. शर्ट काढून, छातीवर मुलगी घेऊन, खुर्चीत झोपायचा. तेव्हा त्याचा हात अजून उठला नव्हता.

चूक कुठं झाली ते आता उघड होतं. त्या वॉर्डात सगळं माहेरच्या नावानं चाले. कुंभोजकरांची लेक, कुंभोजकरांचं बाळ. आणि बाळाजवळ तळ ठोकून बसलेला पुरुष म्हणजे बाळाचा मामाच असणार. जावई येतो तो इस्त्रीचे कपडे घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन, आणि चहा पिऊन जातो. सासुरवाडीच्या गावात जावई तीन आठवडे उघडाबंब बसेल, हे त्याचा ठेका नोंदवणाऱ्या परिचारिकेच्या स्वप्नातही आलं नसेल. तिनं विचारलंही नाही. यंत्र पाटोळे गाळत राहिलं आणि कुंभोजकर मामा सुखानं संग्रहात झोपून राहिले.

“बंद करा,” स्वरांगी म्हणाली. “आत्ताच्या आत्ता.”

डॉक्टरांनी त्या दुपारपासून बंद केलं.

“दुसरा द्यायचा तर माझा द्या,” स्वरांगीनं सांगितलं. “आई मी हाय. तिला छातीशी धरून मी बसलीय सगळी वर्षं. तो न्हाई.”

डॉक्टर जरा घुटमळल्या. पण त्यांना नाही म्हणवेना. स्वरांगीला आतल्या खोलीत झोपवलं, तिचा ठेका घेतला आणि दुलईत भरला. द्वारका तिच्यात नेहमीसारखी शिरली आणि पाचच मिनिटांत ताठ झाली. डोळे टक्क उघडे. मान दाराकडे. तिचा श्वास अडकला होता, आणि पायऱ्यांवर काहीही वाजत नव्हतं.

“हे का?” स्वरांगीनं व्हरांड्यात डॉक्टरांना गाठून विचारलं. “माझ्या ठेक्यावर का भ्याली ती?”

“ताई, आत्ता नको. बसा जरा.”

“सांगा म्हणते ना.”

फरहाना मुजावर इतक्या बोलक्या बाई, पण त्यांना शब्द जुळवायला वेळ लागला. “मार चालू असताना, झाल्यावर, ती कुणाच्या छातीशी असायची?”

“माझ्या.”

“आणि तुमची छाती तेव्हा कशी असायची?”

स्वरांगीचा हात आपोआप छातीशी गेला.

“तुम्ही तिला कुशीत घेऊन वाचवत होता. तुमचा जीव तिच्यात होता. पण तुमचं काळीज तेव्हा धाडधाड उडत होतं, आणि तिचं शरीर तेच शिकलं. हात फिरवत होता तो प्रेमाचा आणि आतला ठेका होता भीतीचा. तिच्या अंगानं ठेका घेतला. आणि मारणारा तिकडं पलंगावर गाढ झोपलेला. त्याला कशाचीच भीती नव्हती, म्हणून त्याचा ठेका शांत. जन्मल्यावर तिनं पहिल्यांदा उचलला तो हाच. पुढंही तो झोपला की घर निर्धास्त व्हायचं. दोन्ही वेळा तिच्या अंगाला एकच कळलं, हा श्वास चालू आहे तोवर भ्यायचं कारण नाही.”

“म्हणजे मी भ्याले हा माझा गुन्हा?” स्वरांगीचा आवाज चढला. “मारणारा निवांत झोपला म्हणून तो औषध, आणि मार खाऊन जागी राहिले म्हणून मी इख? हे तुमचं शास्त्र?”

“हे शास्त्र असंच आहे,” डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. “मला याचा राग येतो. पण शरीराला कोण चांगलं नि कोण वाईट ते कळत नाही हो. त्याला नुसतं स्थिर कोण ते कळतं.”

गंगव्वा मध्येच चहा घेऊन आल्या आणि दोघींच्या तोंडाकडे बघून तशाच परत गेल्या.

पुढचे काही दिवस दुसरे ठेके देऊन बघितले. एक ठेका कुणा निवृत्त नावाड्याचा होता, फार संथ, फार गोड. त्यावर द्वारकाला झोप येई, पण मुठी मिटलेल्या राहत. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. याच्यावरही बरं वाटेल. वर्ष लागेल, दोन लागतील, आणि कदाचित थोडीशी भीती आत राहूनही जाईल. मोठेपणी अधूनमधून वर येईल. पहिल्या ठेक्यावर बहुधा पूर्ण जाईल. नियमाचं मी बघते, ठरवायचं तुम्ही.

स्वरांगीनं ठरवलं होतं. नावाडी चालेल. लेक दोन वर्षांनी बरी होऊ दे, पण त्या माणसाच्या श्वासावर नको. कारखान्यात भोपळ्यावर हात फिरवताना ती हेच घोकत राही. त्याचं काहीही आपल्या पोरीच्या अंगात जाता कामा नये, एवढं मागणंही जगाला जास्त वाटतंय, याची तिला चीड येई.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी ती केंद्रात गेली, तर द्वारका भिंतीला पाठ लावून बसली होती. ताटली मांडीत धरून. पुढ्यात भागीरथी नावाची तिची जिवलग मैत्रीण खेळायला बोलावत होती, आणि ही मान हलवत होती.

“का गं खेळत न्हाईस?” स्वरांगीनं विचारलं.

द्वारका कुजबुजली, “गुरगुरी आजारी हाय का गं आई? तिच्यात दुसरंच कोणतरी आलंय.”

“दुसरं म्हणजे?”

“ते बी चांगलं हाय. पण ते मला वळखत न्हाई.”

एवढं बोलून तिनं ताटलीतला पोळीचा तुकडा उचलला आणि फ्रॉकच्या खिशात ठेवला. आईनं बघितलं हे तिच्या लक्षातही आलं नाही.

स्वरांगी उठली आणि डॉक्टरांच्या खोलीत गेली. दार लोटायचंही तिला भान राहिलं नाही. “पहिला लावा परत,” ती म्हणाली.

“नक्की?”

“त्या माणसाकडून मला आयुष्यात काही चांगलं मिळालं न्हाई. पोरीला हे एवढं मिळतंय. मी आडवी आले, तर तो तिकडं आणि मी हिकडं, दोघं मिळून तिला छळतोय असं होईल.” मग ती खुर्चीत बसली आणि खूप रडली. डॉक्टर तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या आणि त्यांनी काहीही समजावून सांगितलं नाही.

निघताना डॉक्टर म्हणाल्या, “तुम्हीही एक गुरगुरी घ्या ताई. मोठ्यांसाठीही असते. तुमच्यासाठी कुणीतरी छान शोधू.”

“मला नको कुणाचा उसना श्वास,” स्वरांगी म्हणाली. “माझी मी बघते.”

द्वारका बरी झाली. थोडीथोडकी नाही, पूर्ण. मुठी उघडल्या, खिशातले तुकडे थांबले, आवाज असा मोकळा झाला की गंगव्वा कानावर हात ठेवून फिरू लागल्या. रस्त्यावर मोटारसायकल थांबली तर ती खिडकीतून वाकून, कोण आलं ते बघे आणि ओळखीचं असेल तर हाकही मारे. खांदा कसा मोडला ते कुणी विचारलं तर सरळ सांगे, “बाबांनी ढकललं होतं,” आणि पुढच्या घासाला लागे. आठवण होती, पण त्या आठवणीला दात राहिले नव्हते. अखेरच्या महिन्यात तपासणी झाली तेव्हा द्वारकाचा स्वतःचा ठेका इतका पक्का बसला होता की आता तिला दुलईची गरजच नव्हती. ती स्वतःच एक लहानशी गुरगुरी झाली होती.

केंद्रातून घरी जाणाऱ्या मुलानं सगळ्यांना पेढे वाटायचे आणि एक पेढा आपल्या ठेकेदाराच्या नावानं बाजूला काढून ठेवायचा, अशी ‘निवांत’ची रीत होती. तो पेढा नंतर गंगव्वाच खात, पण मुलांसमोर नाही. द्वारकानं वाडीचे पेढे वाटले, सगळ्यांत मोठा पेढा निवडून वाटीत ठेवला आणि आईकडे वळली.

“आई, माझा ठेकेदार कोण असंल गं?”

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागल्या. काय सांगायचं आणि कधी सांगायचं, ते त्यांनी स्वरांगीवर सोडलं होतं.

“त्याला ठाऊकच न्हाई बघ, त्यानं तुला काय दिलं ते,” स्वरांगी म्हणाली.

“अजिबात न्हाई?”

“अजिबात न्हाई. तो झोपला होता.”

द्वारकाला हे फार वाईट वाटलं. “मग गरीबच की गं तो,” ती म्हणाली, आणि आणखी एक पेढा वाटीत ठेवला.

स्वरांगीनं तो काढून घेतला नाही. मोठी झाली की सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं. कितव्या वर्षी मोठी झाली म्हणायचं, ते मात्र ठरवलं नाही.

आता त्या दोघी मिरजेतच दोन खोल्यांच्या घरात राहतात. घर सुखाचं आहे. सकाळी वेणीवरून भांडण होतं, संध्याकाळी गृहपाठावरून. भाड्याच्या घराच्या भिंतीवर द्वारकानं खडूनं घोडे काढले आहेत. स्वरांगी आता कारखान्यात तारा चढवायलाही शिकते आहे. शेजारणी म्हणतात, बाई सावरली.

एका रविवारी जेवून दोघी आडव्या झाल्या होत्या. खाली एक मोटारसायकल येऊन थांबली. द्वारका निवांत पडून होती. स्वरांगी मात्र थिजली. श्वास छातीत अडकला, बोटं चादरीत रुतली. डोक्याला सगळं ठाऊक होतं. खालच्या मजल्यावरचा पोरगा कॉलेजातून आला होता.

द्वारकानं डोळे न उघडताच हात पुढं केला. “काय न्हाई गं आई,” ती झोपाळू आवाजात म्हणाली. “हिकडं ये. माझ्यागत श्वास घे.” आणि तिनं आईचं डोकं ओढून स्वतःच्या छातीवर घेतलं, मोठ्या बायका लेकराला घेतात तसं.

लहानशी छाती वर आली. खाली गेली. थबकली. मग दोन आखूड श्वास आत आले, पहिला अर्धा आणि दुसरा पुरा.

स्वरांगीचं अंग शहारलं. डोकं उचलावं, उठून खिडकीत जाऊन उभं राहावं असं तिला वाटलं. पण केसांत लेकीची बोटं फिरत होती. आणि अंगाला कुणी विचारत नव्हतं. ठाम शरीराकडून डळमळीत शरीराकडे, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच, ठेका सरकत आला. तिची बोटं चादरीतून सुटली. पाठ सैल झाली. तिचाही श्वास खाली जाऊन थबकला, आणि तिनंही लागोपाठ दोन श्वास घेतले.

आपण कुणाच्या छातीवर डोकं ठेवलं आहे, हे तिला लख्ख कळत होतं. ते कळत असतानाच तिला झोप लागली, आणि इतकी गाढ झोप तिला लग्नानंतर कधी लागली नव्हती.